पिशवीतला जीव

शहागडला हायवेला लागूनच आमचं दुकान आहे. ट्रकच्या सीटा, ट्रॅक्टरच्या गाद्या, फाटलेल्या ताडपत्र्या असलं काम. अब्बा कापतात आणि मी शिवते. घरात आम्ही उर्दू बोलतो. पण माझी शाळा मराठी, आणि ती मुलगी माझ्याशी जे थोडं बोलली ते मराठीत बोलली, म्हणून हे मराठीतच लिहिते आहे.

थंडीचे दिवस होते. त्या दिवसांत गोदावरीवरून सकाळी इतकं धुकं चढतं की पुलावरून येणारी गाडी दिव्यांवरूनच ओळखायची. अब्बा नमाज पढून आले होते, मी शटर वर करत होते. तेवढ्यात आवाज आला. हायवेवर राहणाऱ्या माणसाला टायर फुटल्याचा आवाज आणि दुसरा आवाज यातला फरक कळतो. हा दुसरा होता.

पुलावरून आलेली एक छोटी कार रस्ता सोडून खाली उतरली होती आणि बाभळीला जाऊन बसली होती. कुत्रं आडवं आलं की धुक्यात रस्ताच दिसला नाही, ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. शेजारी चहाचं हॉटेल चालवणारे मामा पहार घेऊन धावले. त्यांनी आणि अब्बांनी मिळून दार उचकटलं. आत एकटी मुलगी होती, माझ्याच वयाची किंवा थोडी लहान. दुकानात नवं रेक्झिन पडलं होतं, ते आणून जमिनीवर अंथरलं आणि तिला त्यावर ठेवलं. तिचं डोकं मी मांडीवर घेतलं. कानाजवळ थोडं रक्त होतं, बाकी काही दिसत नव्हतं. मला वाटलं, वाचेल.

तिनं स्वेटरमध्ये हात घातला. गळ्यात नाडीनं अडकवलेली एक जाड कापडाची पिशवी होती, ती ओढायला लागली. मी नाडी काढून दिली. ती म्हणाली, "ह्याला धरा. गार लागू देऊ नका."

"धरलं," मी म्हणाले. "तुम्ही बोलू नका. गाडी येतीय."

"पाय," ती म्हणाली. "त्याचे पाय..."

मला वाटलं ती स्वतःच्या पायांबद्दल सांगते आहे. मी तिच्या पायांकडं पाहिलं, ते बरे दिसत होते. परत तिच्याकडं पाहिलं तर ती माझ्याकडंच बघत होती. ते बघणं मधेच कधी संपलं हे मला आजही सांगता येत नाही. रुग्णवाहिका आली तेव्हा माझ्या हातातला तिचा हात गार होता, आणि थंडीत सगळ्यांचेच हात गार असतात असं मी स्वतःला सांगत होते.

तिला नेलं. मी घरी येऊन पाण्यानं हात धुतले, परत धुतले. ओढणीखाली ती पिशवी आहे हे अम्मीनं विचारल्यावर आठवलं. पिशवी उघडली. आत खारीएवढा एक जीव गुंडाळी होऊन पडला होता. राखी रंग, कपाळापासून शेपटीपर्यंत एक काळा पट्टा, कागदासारखे पातळ कान. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीची सैल घडी, जशी आम्ही सीटकव्हरला कोपऱ्यात सोडतो तशी. डोळे मिटलेले आणि अंग दगडासारखं थंड.

"गया बेचारा," अम्मी म्हणाली.

मलाही तसंच वाटलं. पण 'गार लागू देऊ नका' हे कानात होतं. मी पिशवी तशीच पोटाशी धरून वर शाल घेतली आणि चुलीपासून जरा लांब बसून राहिले. किती वेळ गेला माहीत नाही. मग पोटाशी थरथर सुरू झाली. आधी बारीक, मग इतकी की माझेच हात हलायला लागले. पिशवीच्या तोंडातून दोन काळे डोळे वर आले. एवढ्याशा तोंडात न मावणारे डोळे. ते माझ्याकडं बघत राहिले आणि मी ओरडून पिशवी टाकणारच होते. कारण सकाळी जे बघणं माझ्यासमोर संपलं होतं, तेच परत सुरू झाल्यासारखं वाटलं.

चौकशीला हवालदार आले तेव्हा मी पिशवी दाखवली. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"उंदीर हाय का काय हे?"

"माहीत नाही. तिनं दिला. तिच्या घरच्यांना सांगा."

ते सांगायला गेले. मृतदेह घ्यायला तिचा कोणी चुलता आला होता. दुसऱ्या दिवशी हवालदारांचा निरोप आला की चुलते म्हणतात, आमच्यावर आभाळ कोसळलंय आणि तुम्ही कसला प्राणी घेऊन बसलात, द्या कुठं तरी सोडून. हवालदारांनीही तेच सुचवलं. अम्मी ऐकत होती. तिनं पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "अमानत है. ऐसे कैसे छोडना?"

अम्मीनं एकदा एखादी गोष्ट अमानत, म्हणजे कुणी विश्वासानं ठेवायला दिलेली, म्हटली की ती घरातून हलत नाही.

मोबाईलवर फोटो टाकून शोधलं तेव्हा नाव कळलं. शुगर ग्लायडर. परदेशातल्या जंगलातला, झाडावरून झाडावर तरंगत जाणारा, दिवसा झोपून अंधार पडल्यावर जागा होणारा. आमच्याकडं मोठ्या शहरांत लोक हौसेनं पाळतात म्हणे. मामांनी तर पहिल्या दिवशी त्याला वटवाघळाचं पिल्लू ठरवलं होतं.

"ह्येला खायला काय घालून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"केळं."

"खाल्लं का मंग?"

"चाटलं नुसतं."

दिवस मावळला की तो पिशवीतून बाहेर यायचा आणि भुंकायचा. बारीक कुत्र्यासारखा, एकेक आवाज, मधे थांबून. आवाज काढायचा, कान वळवायचा, वाट बघायचा, परत काढायचा. ज्याला कुणी तरी ओ द्यायची आहे असा तो आवाज होता. अब्बा मगरिबची नमाज पढून घरात यायचे आणि दारातच थांबायचे. एकदा म्हणाले, "इसको बोलो ना कोई, के वो नहीं आती अब."

मी त्याला हातावर घेतलं तर तो मागे सरकत कराकरा ओरडायचा, जुन्या शिवणयंत्रात दोरा अडकल्यासारखा. पिशवीत हात न घालता नुसती पिशवी छातीशी धरली की मात्र शांत व्हायचा. त्या पिशवीला एक वास होता. तेलाचा, पावडरीचा, माणसाच्या मानेचा. तो वास माझ्या कपड्यांना लागायला लागला. रस्त्यानं जाताना मधेच तो यायचा आणि मी मागे वळून बघायची.

मग मला पाय दिसले. त्याला जमिनीवर सोडलं की पुढचे पाय नीट चालायचे. मागचे दोन मात्र ओढत यायचे, मेणबत्ती विरघळावी तसे बाजूला पसरलेले. पडद्यावर चढायला जायचा आणि अर्ध्यातून घसरायचा. मागच्या पायांची बोटं कापडाला धरायचीच नाहीत. तेव्हा कुठं मला त्या सकाळचं बोलणं कळलं. ती स्वतःच्या पायांबद्दल बोलतच नव्हती.

संभाजीनगरात पक्षी आणि असले वेगळे प्राणी बघणाऱ्या एक डॉक्टरबाई आहेत असं कळलं. पिशवी बुरख्याच्या आत गळ्यात अडकवून मी एसटीत बसले. गाडी सुटली आणि माझ्या लक्षात आलं की मी तीच पिशवी, तशीच गळ्यात घालून, त्याच रस्त्यानं निघाले आहे. पाचोडपर्यंत मी खिडकीची कड सोडली नाही.

डॉक्टरबाईंनी त्याला एका मऊ फडक्यात धरलं. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडली. ती लगेच खाली बसली नाही, तंबूसारखी उभीच राहिली.

"पाणी कमी पडलंय," त्या म्हणाल्या. "डोळे बघा, जरा आत गेलेत. हिरड्या चिकट. निरोगी असता तर कातडी सोडल्या सोडल्या जागेवर गेली असती. हे घरी रोज बघायचं." मग त्यांनी मागचे पाय एकेक करून हलवले, बोटांना चिमटा काढला, एक्स-रे घेतला. पडद्यावर त्याची हाडं दिसली. पांढरी दिसायला हवीत ती धुरकट होती, जणू धुक्यातून काढलेली.

"हाडांत कॅल्शियम नाही. नुसती फळं आणि गोड खाऊन असं होतं. शरीराला कॅल्शियम मिळालं नाही की ते हाडांतून ओढून घेतलं जातं. आधी मागचे पाय थरथरतात, मग पकड सुटते, मग ओढायला लागतात. वेळेत कळलं तर बरं होतं. हा तुमच्याकडं कधीपासून आहे?"

मी सगळं सांगितलं. पूल, धुकं, स्वेटर, पिशवी. सांगताना त्यांचा हात थांबला.

"बीडकडून येणारी मुलगी होती का?"

"हो. बीडची होती म्हणे."

त्या खुर्चीत बसल्या. "तिनं मला फोन केला होता. म्हणाली, काल रात्रीपासून मागचे पाय ओढतोय, आणि अंग गार पडतंय. मी म्हणाले, पिशवीत घालून अंगाशी धर आणि सकाळी सकाळीच ये. वेळ देऊन ठेवली होती. आली नाही." मग एक्स-रेकडं बघत म्हणाल्या, "मी नंतर फोन लावला, तो बंद. मला वाटलं, लोक असंच करतात. वेळ घेतात आणि येत नाहीत."

आम्ही दोघी त्या टेबलावरच्या जिवाकडं बघत होतो. तो फडक्यातून तोंड काढून टेबल हुंगत होता. जिथं त्याला यायचं होतं तिथं तो शेवटी आला होता.

डॉक्टरबाईंनी कातडीखाली सलाईन दिलं, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, आणि घरी करायचं सगळं समजावून सांगितलं. औषध मोजूनच द्यायचं, मनानं वाढवायचं नाही, कारण जास्त झालं तर तेही वाईट. उकडलेलं अंडं, थोडं शिजवलेलं चिकन, किडे. फळं चवीपुरती. दूध, बिस्किट, गुळाचा खडासुद्धा नाही. उंच पिंजरा नको, बसक्या पेटीत तळाला मऊ कापड. हाडं भरेपर्यंत उडी मारू द्यायची नाही, कारण पोकळ हाड साध्या पडण्यानंही मोडतं. कापसाच्या रानातले नाकतोडे पकडून घालायचे नाहीत, फवारणीचं विष त्यांच्या अंगात असतं. कोंड्यात वाढवलेले पिवळे किडे त्यांनीच एका डबीत घालून दिले. निघताना एका कागदावर त्या मुलीचा फोन नंबर लिहून दिला. "मी लावत राहते. तुम्हीही लावून बघा, घरचं कुणी तरी उचलेल."

किड्यांची डबी बघून अम्मी कपाळाला हात लावून बसली. "सारी उमर आटे में के कीडे निकाली, अब पालूँ क्या?" पण पाळले तिनंच. कोंडा बदलायचा, गाजराचा तुकडा टाकायचा, झाकणाला भोकं पाडायची, सगळं तिनंच केलं. अंडं कुस्करून त्यावर औषधाचा थेंब टाकायची आणि त्याला म्हणायची, "खा रे, जल्दी खा, तेरे वास्ते कोई जान से गया." मला ते वाक्य ऐकवायचं नाही. मी उठून दुकानात जायची.

आमच्या ट्रकच्या गाद्यांतला उरलेला फोम कापून मी त्याच्या पेटीला चारी बाजूंनी अस्तर लावलं. हळूहळू कातडी चिमटीतून सुटली की लगेच खाली बसायला लागली. लेंड्या आधी पातळ होत्या, त्या घट्ट झाल्या. एका संध्याकाळी त्यानं मागच्या पायानं माझं बोट धरलं. पकड बारीक होती, पण धरलं. मी अब्बांना हाक मारली. त्यांनी हातातली कातर ठेवली, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बराबर पकडा है." त्या दिवशी अब्बा खूप दिवसांनी हसले.

पण भुंकणं थांबलं नाही. आणि ती मुलगीही गेली नाही. मी काही भुतंखेतं मानणारी नाही. तरी शिवताना यंत्राची सुई खाली-वर होत असली की मला ती दिसायची. रेक्झिनवर पडलेली, माझ्याकडं बघणारी. ते रेक्झिन अब्बांनी कधीच कुणाच्या सीटला लावलं नाही, गुंडाळून माळ्यावर टाकलं. माळ्याखालून जाताना मी मान खाली घालून जायची. तिचा नंबर मी मोबाईलमध्ये 'पिशवीवाली' म्हणून ठेवला होता. रोज लावायची आणि रोज तो बंद असायचा. नंतर नंतर तर मला वाटायला लागलं की तो बंद आहे हेच बरं आहे.

पिशवीला फार वास यायला लागला म्हणून अम्मीनं ती धुतली. डॉक्टरबाईंनीही सांगितलं होतं की कापड स्वच्छ ठेवा, ओल्या घाणीनं पोट बिघडतं, कातडी बिघडते. एका कोपऱ्यात तपकिरी डाग होता, तो काही पूर्ण गेला नाही. बाकी पिशवी साबणाचा वास देत दोरीवर वाळली. त्या संध्याकाळी तो तिच्यात शिरला, बाहेर आला, परत शिरला, परत बाहेर आला. कापड चाटून चाटून बघत होता. मी माझी ओढणी आत घातली तर ती त्यानं ढकलून दिली.

पुढच्या काही दिवसांत त्याच्या शेपटीच्या बुडाशी केस गळालेला एक ठिपका दिसला. मग तो ओला दिसायला लागला. आणि एका सकाळी पेटीतल्या कापडावर रक्त होतं. तो स्वतःचीच शेपटी चावत होता. थांबत होता, थरथरत होता आणि परत चावत होता. दुखत असणारच, तरी सोडत नव्हता. अम्मी ओरडली. मी त्याचं तोंड बोटांनी बाजूला केलं तर त्यानं माझं बोट फोडलं आणि लगेच परत शेपटीकडं वळला.

डॉक्टरबाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "थांबू नका, आत्ताच्या आत्ता घेऊन या. हे घरी बरं होत नाही. चावायला लागले की हे प्राणी स्वतःला संपवेपर्यंत चावतात." वाटेत चावू नये म्हणून गळ्यात घालायला काही तरी करा, असंही म्हणाल्या. अब्बांचा एक जुना एक्स-रे घरात होता. मी त्या फिल्ममधून गोल कापला, मधे मानेएवढं भोक पाडलं आणि आतल्या कडेला मऊ पट्टी शिवली. मानेला घासू नये, श्वास कोंडू नये आणि तोंड शेपटीपर्यंत पोचू नये, एवढं बघायचं होतं. पटापट शिवताना माझ्या हातातून दोनदा दोरा सुटला. ती कॉलर घातल्यावर तो एखाद्या फुलाच्या मधोमध बसल्यासारखा दिसत होता. दिसायला हसू येईल असं. हसलं कोणीच नाही.

दवाखान्यात शेपटीचा खराब झालेला तुकडा काढावा लागला. जखम धुतली, दुखणं कमी व्हायचं आणि पिकू नये म्हणून औषधं दिली. मी विचारलं, "असं का करतो हा? पाय तर बरे होत होते."

"एकच कारण सांगता येत नाही. दुखणं असू शकतं, घाण असू शकते, भीती असू शकते. पण बहुतेक वेळा एकटेपण. हे कळपानं राहणारे जीव आहेत. एकमेकांच्या अंगावर झोपतात, एकमेकांच्या वासानं ओळखतात." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ह्याच्याजवळ आणखी एखादा असणार. तिनं फोनवर बोलताना 'दोघं' असा शब्द वापरला होता का, ते मी आठवून बघते आहे."

परत येताना तो एसटीत माझ्या मांडीवर झोपला होता. औषधाच्या गुंगीत मधूनच पाय हलवायचा. दुपार होती, ऊन होतं. शहागडला उतरून मी दुकानात पाय ठेवते न ठेवते तोच माझा मोबाईल वाजला. पडद्यावर लिहिलं होतं, 'पिशवीवाली'.

मी तो उचलला नाही. हातातून खाली ठेवला. तो लाकडी फळीवर घरघरत पुढं सरकत होता. अब्बा बघत होते. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, ते उठले आणि त्यांनी फोन घेतला.

"हॅलो," अब्बा म्हणाले. पलीकडून कुणी तरी बोलत राहिलं. अब्बांनी खाली बसून घेतलं. "जी. जी, हाय आमच्याकडं. बिलकुल ठीक हाय. न्हाई न्हाई, बाई, तुम्ही रडू नका."

तिची आई होती. मुलीचे फोटो बघावेत म्हणून तिनं त्या दिवशी पहिल्यांदा तो फोन चालू केला होता. आत माझे आणि डॉक्टरबाईंचे किती तरी फोन आणि निरोप पडलेले होते. त्या प्राण्याचं तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. चुलत्यांनी विषयच काढला नव्हता. ती समजून चालली होती की गाडीबरोबर तोही गेला.

ती आली ती एसटीनं, मांडीवर पिंजरा घेऊन. पिंजऱ्यात दुसरी होती, मादी. तिच्या छातीवरचे केस तिनंच उपटून टाकले होते. आई पन्नाशीची असेल, अंगावर साधी सुती साडी, आणि चेहरा असा की मला दारातच पाय मागं घ्यावासा वाटला. तेच डोळे. वय वेगळं, तेवढंच.

अम्मीनं तिला पाणी दिलं. ती प्यायली. मग म्हणाली, "मला आधी ती जागा दाखव."

आम्ही दोघी रस्त्यानं चालत गेलो. बाभळीच्या बुंध्यावरची साल निघाली होती तिथं डिंक आला होता. ती त्याला हात लावून उभी राहिली. ट्रक जात होते, आमच्या अंगावर धूळ येत होती.

"तू होतीस ना तिच्याजवळ?"

"हो."

"मला हाक मारली का तिनं?"

पुलावरून गाडी येताना दिसावी तसा हा प्रश्न मला दुरून येताना दिसत होता. हो म्हणणं फार सोपं होतं. ती हो ऐकायलाच एसटीत बसून आली होती. माझ्या तोंडात तो शब्द आलाही होता. पण त्या मुलीचं शेवटचं बोलणं माझ्याजवळ ठेवायला दिलेलं होतं, त्यात मी माझं काही मिसळू शकत नव्हते.

"नाही," मी म्हणाले. "तिनं त्याला माझ्या हातात दिलं. म्हणाली, गार लागू देऊ नका. मग म्हणाली, त्याचे पाय. एवढंच."

तिनं बाभळीवरचा हात काढून घेतला. मग डिंकाचा हात पदराला पुसत म्हणाली, "लहानपणापासून तशीच हाय ती. स्वतःला ताप असला तरी आधी कुत्र्याला भाकरी टाकायची." ती 'हाय' म्हणाली, 'होती' नाही. "मीच म्हणले होते, एवढ्या धुक्यात जाऊ नको. म्हणाली, उद्यापर्यंत राहायचा नाही तो."

डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं होतं की दोघांना एकदम एकत्र सोडू नका. त्याला औषधांचा वास येतोय, ती ओळखायची नाही, चावाचावी होईल. म्हणून पेटी आणि पिंजरा शेजारी शेजारी ठेवले आणि दोघांची कापडं अदलाबदल केली. संध्याकाळ झाली. तो बाहेर आला, कॉलर सावरत, शेपटीवर पट्टी, आणि नेहमीसारखा भुंकला. थांबला. कान वळवले.

पिंजऱ्यातून उत्तर आलं.

त्यानंतर तो जे करायला लागला ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. जाळीला तोंड लावून बारीक चकचक आवाज काढत राहिला, न थांबता. मादी पलीकडून त्याच जागी आली. अम्मी आणि ती बाई, दोघी जमिनीवर बसून बघत होत्या, एकमेकींची भाषा अर्धीच कळणाऱ्या. अम्मीनं तिचा हात धरला होता.

मुलीची आई काही दिवस आमच्याकडंच राहिली. जखम वाळली, दोघांनी जाळीतून एकमेकांची तोंडं चाटली, तेव्हा डॉक्टरबाईंना विचारून पिंजऱ्याचं दार उघडलं. मादीनं आधी त्याची कॉलर हुंगली, मग त्याच्यावर चढून झोपली. जाताना आईनं मला औषध कसं द्यायचं ते दोनदा करून दाखवायला लावलं. कातडी कशी चिमटीत धरायची, लेंडी कशी असावी, पाय थरथरले तर काय समजायचं. मग तिनं स्वतः दिलं, थेंब बरोबर पडला.

अम्मी म्हणाली, अमानत पोचली. त्यानंतर आमचं घर संध्याकाळी फार शांत झालं. इतकं शांत की मला दुकानात जास्त वेळ बसावंसं वाटायचं.

पुढच्या थंडीत मी बीडला गेले. तिनंच बोलावलं होतं. दोघं चांगले होते. त्याची चाल जराशी वाकडी राहिली आहे आणि उंच उडी तो टाळतो, पण पडद्यावर चढतो. त्यांचा मोठा पिंजरा त्या मुलीच्या खोलीत होता. कपाटावर तिची पुस्तकं, खिळ्याला तिचा दुसरा स्वेटर. आई म्हणाली, "संध्याकाळी हे दोघं जागे झाले की मी इथंच येऊन बसते. बाहेरून कुणी ऐकलं तर वाटेल, घरात कोण कोण हाय."

ती स्वयंपाकघरात अंडं कुस्करायला गेली. मी खोलीत एकटी होते. बाहेर अंधारून येत होतं, दिवा अजून लावला नव्हता. ते दोघं पिंजऱ्यातून माझ्याकडं बघत होते. तेवढ्यात आतून तिनं हाक मारली, ती औषधाची बाटली दे गं म्हणून. हाक त्या मुलीच्या नावानं होती. सवयीनं, पूर्ण, शेवटचं अक्षर जरा लांबवून.

हाक मारल्यावर आतला चमच्याचा आवाजही थांबला.

मी ओ दिली. बाटली उचलली आणि आत गेले.